यंत्र घेण्याआधीचे चार प्रश्न : छोटा धंदा आणि तंत्रज्ञानावरचा वायफळ खर्च

(पांढरकवडा येथे दुकानदार, कारागीर आणि नव्याने धंद्यात उतरलेल्या तरुणांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन आहे. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)



विषय ऐकून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाच्या मास्तरला दुकानाच्या कम्प्युटरचं काय कळतं? शंका रास्त आहे. कोणतं मशीन चांगलं, कोणत्या कंपनीचं सॉफ्टवेअर घ्यावं, हे मी सांगणार नाही. ते सांगणारे भरपूर आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांना त्यावर कमिशन मिळतं. माझा विषय वेगळा आहे. कुणी येऊन सांगतो, 'हे घ्या, तुमचा धंदा वाढेल.' हे वाक्य खरं आहे की नाही, हे ठरवायचं कसं? हा ज्ञानाचा प्रश्न आहे, आणि त्यावर आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वीपासून बारकाईने विचार झालेला आहे.

सुरुवात आपल्या गावापासून करू. पांढरकवडा म्हणजे नागपूर-हैदराबाद महामार्गावरचं गाव. धंदा कापसावर, सोयाबीनवर, तुरीवर. कृषी केंद्र असो, कापड दुकान असो, भांड्यांचं दुकान असो, हिशेब फिरून शेतावरच येतो. जून-जुलैत बियाणं आणि खत उधारीवर जातं. पैसा परत येतो तो कापूस निघून विकला गेल्यावर. म्हणजे दुकानदाराचं भांडवल पाच-सहा महिने शेतात अडकलेलं असतं. आणि तंत्रज्ञानाचा खर्च? तो दर महिन्याला येतो. कम्प्युटरचा हप्ता, सॉफ्टवेअरची वर्गणी, इंटरनेट, मशीनचं भाडं. पाऊस पडो न पडो, तारखेला पैसे कटतात.

तेव्हा विषय दहा-वीस हजार रुपये वाया जाण्यापुरता नाही. मे महिन्यात साठ-सत्तर हजार रुपये कम्प्युटरमध्ये गेले, तर जूनमध्ये तेवढं बियाणं कमी भरलं जातं. बियाणं कमी म्हणजे दोन-चार नेहमीच्या शेतकऱ्यांना 'यंदा उधारी जमणार नाही' म्हणावं लागतं. ते मग कुठे जातात आणि कोणत्या व्याजाने पैसे उचलतात, हे यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला सांगायला नको. दुकानदाराच्या काउंटरवरचा एक चुकीचा निर्णय गावभर पोचतो, तो असा.

आधी भीतीचं बघू

वायफळ खर्चाची दोन मोठी कारणं आहेत, हौस आणि भीती. हौस तरी आपल्याला दिसते. भीती दिसत नाही, कारण ती कायद्याचं नाव घेऊन येते. 'साहेब, जीएसटी आहे, आता कम्प्युटर सक्तीचा.' असं सांगून किती मशीनं खपली असतील, विचार करा. म्हणून कायदा काय म्हणतो ते नीट पाहू.

जीएसटी १ जुलै २०१७ पासून लागू झाला. १ एप्रिल २०१९ पासून आपल्या राज्यात केवळ मालाचा, तोही राज्यातल्या राज्यात व्यापार करणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे नोंदणीच लागत नाही. सेवा देणाऱ्याला ही मर्यादा २० लाख आहे. नोंदणी असली आणि उलाढाल दीड कोटीच्या आत असली, तर कंपोझिशन योजना घेता येते. तिच्यात व्यापारी उलाढालीवर १ टक्का कर भरतो आणि रक्कम दर तीन महिन्यांनी भरतो. नियमित नोंदणी असली तरी ५ कोटींपर्यंत विवरणपत्र तिमाही भरण्याची सोय १ जानेवारी २०२१ पासून आहे.

आता ते ई-इन्व्हॉइस. त्याचा धाक सगळ्यात जास्त दाखवला जातो. ही सक्ती १ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाली ती ५०० कोटींच्या वरच्यांसाठी. मर्यादा खाली येत येत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. आपल्यातल्या बहुतेकांची उलाढाल तिथे पोचत नाही. दुसरा धाक असतो, 'प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं नवं सॉफ्टवेअर घ्यावंच लागेल.' १ एप्रिल २०२३ पासूनचा तो नियम कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांना आहे. एकट्या मालकीच्या दुकानाला किंवा साध्या भागीदारीला तो नाही.

हाताने लिहिलेलं बिल आजही चालतं. त्यावर लागतो तो तपशील हवा, अनुक्रमांक हवा आणि नक्कल जपून ठेवायला हवी. उलट गंमत बघा. छोट्या छपाईयंत्रातून गुळगुळीत कागदावर निघणारं बिल काही महिन्यांत पुसट होतं. जीएसटीची कागदपत्रं मात्र वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षं ठेवावी लागतात. बॉलपेनने लिहिलेली कार्बन कॉपी या कामात त्या मशीनपेक्षा सरस आहे.

आणि कम्प्युटरवर बिल करायचंच असेल, तर जीएसटी नेटवर्कने २०१९ साली दीड कोटीपर्यंतच्या करदात्यांसाठी हिशेबाचं आणि बिलाचं सॉफ्टवेअर मोफत उपलब्ध करून दिलं. ते सांगायला कुणी दारात येत नाही. मोफत वस्तू विकायला कोण येणार?

आणखी एक वाक्य नेहमी ऐकू येतं, 'खर्च दाखवा, टॅक्स वाचेल.' आपल्यातले बरेच जण अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत आयकर भरतात. तिथे उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेतून किंवा डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेवर ६ टक्के, निदान एवढा नफा धरतात. सगळे खर्च आणि घसारा त्यात वजा झाले असं मानूनच तो आकडा ठरवलेला आहे. मग तुम्ही कम्प्युटर घ्या नाहीतर घेऊ नका, तुमचा कर एका रुपयानेही कमी होत नाही. तसंच कंपोझिशनवाल्याला खरेदीवर भरलेला जीएसटी वळता करून मिळत नाही. १८ टक्के कर त्याच्या खिशातूनच जातो. हे सगळं तुमच्या कर सल्लागाराला विचारून पक्कं करा. त्याची फी मशीनच्या किमतीपुढे काहीच नाही.

चार प्रमाणं

आता मुख्य मुद्दा. गौतमाच्या न्यायसूत्रांत खरं ज्ञान मिळवण्याची चार साधनं सांगितली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. आम्ही वर्गात हे धूर-अग्नीच्या उदाहरणाने शिकवायचो आणि मुलं पेंगायची. पण हीच चार साधनं काउंटरवर उभी करून पाहा.

पहिलं, प्रत्यक्ष. डोळ्यांनी पाहणं. विक्रेता आपल्या लॅपटॉपवर मशीन दाखवतो तेव्हा तुम्ही काय पाहता? त्याने तयार केलेला माल, त्याने भरलेली दहा नावं आणि त्याची सराईत बोटं. हे तुमच्या दुकानाचं प्रत्यक्ष नव्हे. त्याला सांगा, 'भाऊ, हंगामातल्या दिवशी ये. काउंटरवर सहा गिऱ्हाइकं उभी असताना माझ्या पोराला हे चालवू दे.' दुकानातला पोरगा ते चालवू शकतो का? लाइट गेल्यावर काय होतं? नेट गेल्यावर बिल निघतं का? एकाच बियाण्याची तीन पाकिटं तीन वेगळ्या भावांत आली तर ते घेतं का? काही उधार, काही रोख, काही परत आलेला माल, असं एकाच बिलात जमतं का? महिनाभर वापरून पाहू देत असेल तरच पुढे बोला.

दुसरं, अनुमान. 'बाजूच्याने कम्प्युटर घेतला आणि त्याचा धंदा वाढला.' हे अनुमान आहे. आमचे नैयायिक इथे लगेच एक शब्द काढतात : उपाधी. म्हणजे लपलेली अट. जिथे धूर तिथे अग्नी, हे बरोबर. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे चूक. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला लाकूड ओलं असावं लागतं. ओलं लाकूड ही इथली उपाधी. आता शेजाऱ्याकडे जा आणि ओलं लाकूड शोधा. त्याचं दुकान बसस्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे का? त्याच वर्षी पाऊस चांगला झाला होता का? त्याचा मुलगा शिक्षण संपवून दुकानात बसू लागला का? त्याने मोठ्या कंपनीची एजन्सी घेतली का? बहुतेक वेळा धंदा आधी वाढलेला असतो आणि त्यामुळे कम्प्युटर आलेला असतो. आपण उलटं समजतो.

तिसरं, उपमान. सारखेपणावरून ओळखणं. शास्त्रातलं उदाहरण गवयाचं आहे. ज्याने गवय कधी पाहिला नाही त्याला सांगतात, 'तो गाईसारखा असतो.' मग रानात गेल्यावर तो ओळखतो. ओळखण्यापुरतं हे ठीक. पण आपल्या टिपेश्वरच्या रानातला रोही बघा. लोक त्याला नीलगाय म्हणतात. नावात गाय आहे म्हणून कुणी त्याच्याखाली चरवी घेऊन बसत नाही. नागपूरच्या मॉलमध्ये प्रत्येक वस्तूवर पट्ट्यांचं लेबल असतं, मशीन 'टिक' करतं आणि बिल निघतं. ते पाहून आपल्याला वाटतं, आपलंही दुकान, त्यांचंही दुकान. पण तिथे हजारो वस्तू, पगारी नोकर, रोखीचं गिऱ्हाईक. नोकर दर वर्षी बदलतात, म्हणून भाव माणसाच्या डोक्यात न ठेवता मशीनमध्ये ठेवावे लागतात. इथे मालकाला दोनशे वस्तूंचे भाव पाठ आहेत आणि गिऱ्हाइकाच्या बापाचं नावही माहीत आहे. त्यांची अडचण तुमच्याकडे नाही, मग त्यांचं औषध कशाला?

सुन्न्याच्या फाटकाजवळ कुणी वाघ पाहायला येणाऱ्यांसाठी दोन खोल्या काढल्या, तर लगेच वेबसाइट करून देणारा येतो. पहिल्या वर्षी स्वस्त, पुढे दर वर्षी नूतनीकरण. दोन खोल्यांना गूगलच्या नकाशावर मोफत नोंद, चार स्वच्छ फोटो आणि उचलला जाणारा फोन, एवढ्यावर सुरुवात होते. खोल्या बारा झाल्या की वेबसाइटचा विचार करा.

चौथं, शब्द. म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून कळणं. आपण बहुतेक गोष्टी अशाच शिकतो, त्यात कमीपणा नाही. पण शास्त्र म्हणतं, शब्द आप्ताचा हवा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरच्या भाष्यात अट घातली आहे ती अशी : त्याला वस्तू स्वतः माहीत असली पाहिजे, आणि ती जशी आहे तशी सांगायची त्याची इच्छा असली पाहिजे. ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, हीच कसोटी. तिथे जात-पात, पद काही नाही. विक्रेत्याला वस्तू माहीत असते, पण जशी आहे तशी सांगण्यात त्याचं नुकसान असतं. शेजारी खरं सांगेल, पण त्याने ते आठ दिवसच वापरलेलं असतं. दोन्ही अटी पुऱ्या करणारा कोण? तुमच्यासारखाच धंदा दुसऱ्या गावात करणारा, दोन वर्षं ते वापरलेला माणूस. घाटंजी, वणी, आदिलाबाद, कुठलाही. गाव दुसरं असावं, म्हणजे स्पर्धा नाही. दोन वर्षं असावीत, म्हणजे पहिलं नूतनीकरण आणि पहिला बिघाड झालेला असतो. एका फोनचं काम आहे.

हिशेब मांडून पाहू

नुसत्या विचाराने भागणार नाही, आकडे हवेत. समजा एक कृषी केंद्र आहे. आकडे मी समजावण्यासाठी धरले आहेत, तुम्ही तुमचे घाला. कम्प्युटर ४० हजार, छपाईयंत्र आणि स्कॅनर मिळून १२ हजार, सॉफ्टवेअर १५ हजार. झाले ६७ हजार, कर धरून. विक्रेता इथे थांबतो. आपण थांबायचं नाही.

दुसऱ्या वर्षापासून सॉफ्टवेअरचं नूतनीकरण वर्षाला ६ हजार आणि देखभालीचा करार ५ हजार. चार वर्षांचे झाले ४४ हजार. कागद आणि लेबलं वर्षाला ३ हजार, पाच वर्षांचे १५ हजार. इंटरनेट वर्षाला ६ हजार, पाच वर्षांचे ३० हजार. सगळी बेरीज १ लाख ५६ हजार. पाच वर्षांनी कम्प्युटर बदलायला येतो, म्हणून भागिले ६०. महिन्याला २,६०० रुपये.

आता शंभर रुपयांच्या विक्रीमागे सगळं जाऊन तुमच्या हातात ५ रुपये उरत असतील, तर २,६०० रुपये भरून निघायला दर महिन्याला ५२ हजारांची जादा विक्री हवी. जादा, बरं का. आहे त्याच्यावर. या यंत्रामुळे दर महिन्याला ५२ हजारांचा माल जास्त खपणार आहे का? तालुक्यात शेती तेवढीच आहे. बिल छापील मिळालं म्हणून कुणी दुप्पट युरिया टाकत नाही.

मात्र विक्री वाढत नसली तरी नुकसान थांबू शकतं. ही बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. कृषी केंद्रात कीटकनाशकांची मुदत संपते. समजा वर्षाला ४० हजारांचा माल असा पडून राहतो. यंत्राचा वर्षाचा खर्च ३१,२०० रुपये. यंत्राने हे नुकसान पूर्ण थांबवलं तर ८,८०० रुपये वाचतील, घ्यायला हरकत नाही. अर्धंच थांबवलं तर ११,२०० रुपये तोट्यात. आणि दीडशेच बाटल्या असतील, तर दाराच्या मागे लावलेला एक तक्ता, कोणत्या महिन्यात काय संपतं ते सांगणारा, हेच काम करतो. नऊशे प्रकारचा माल असेल तर तक्ता थकतो, तिथे यंत्र हवं. म्हणजे निर्णय 'आधुनिक की मागासलेलं' असा नसतो. तो दीडशे की नऊशे, असा असतो.

याच कृषी केंद्रात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. अनुदानित खताची विक्री आधारच्या आधारे नोंदवणारं पॉस मशीन २०१८ पर्यंत देशभरातल्या खत दुकानांत पोचलं. विक्री त्यावर नोंदली गेली की खत कंपनीला अनुदान मिळतं. यंत्र मोफत आलं. पण ज्यांनी खत आधी दिलं आणि 'नोंद संध्याकाळी करू' म्हटलं, त्यांच्या मशीनमधला साठा आणि गोदामातला साठा जुळेना. रोजची नोंद रोज करण्याची सवय होती तिथे मशीन सुरळीत चाललं, नव्हती तिथे डोकेदुखी झालं. सवय मशीनबरोबर खोक्यात येत नाही. म्हणून नवं हिशेबाचं यंत्र घ्यायचं असेल तर आधी तीन महिने साध्या वहीत रोजचा साठा रोज लिहून बघा. जमलं तर यंत्र घ्या. नाही जमलं तर ६७ हजार वाचले असं समजा.

वाणी बोलणाऱ्या पेट्यांचंही तसंच. एकेका काउंटरवर तीन-तीन क्यूआर आणि तीन-तीन पेट्या दिसतात. यूपीआय २०१६ ला आलं तेच मुळी सगळ्यांना एकमेकांशी जोडण्यासाठी. गिऱ्हाइकाकडे कोणतंही ॲप असो, कोणताही क्यूआर चालतो. बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही. मग एका पेटीचं भाडं समजून घेतो, पैसे आल्याचं कानावर पडतं, फसवणूक टळते. पण दुसरी आणि तिसरी पेटी कशासाठी? महिन्याला १०० रुपये धरा, दोन पेट्यांचे वर्षाला २,४०० झाले. पासबुक काढून पाहा, काही जणांच्या बंद पडलेल्या पेटीचंही भाडं अजून कटत असेल.

एक जुनी निविदा

आता एक गोष्ट सांगतो, ती कापसाचीच आहे. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. गांधीजी यंत्राच्या विरोधात होते असं आपण सरसकट म्हणतो, पण शिवणयंत्राला त्यांनी मोकळेपणाने अपवाद केला होता, आणि चांगल्या यंत्रासाठी त्या काळात लाख रुपये देऊ केले होते. मला महत्त्वाच्या वाटतात त्या अटी. यंत्र हलकं आणि खेड्यातल्या साध्या घरात चालणारं हवं. बाईला फार न थकता आठ तास चालवता आलं पाहिजे. आठ तासांत १६ हजार वार सूत निघालं पाहिजे. किंमत १५० रुपयांच्या वर नको. वीस वर्षं टिकलं पाहिजे. आणि शेवटची अट ऐका : दुरुस्तीचा खर्च वर्षाला किमतीच्या ५ टक्क्यांवर जाता कामा नये.

किर्लोस्करांच्या कारखान्यानेही एक यंत्र बनवून पाठवलं होतं. पण सगळ्या अटी कुणालाच पुऱ्या करता आल्या नाहीत, आणि बक्षीस तसंच राहिलं. त्यांनी 'जवळपास आलं, घेऊन टाकू' असं केलं नाही, हे मला शिकण्यासारखं वाटतं.

हा कागद आपण जसाच्या तसा वापरू शकतो. कोण चालवणार? कुठे चालणार? दिवसाला किती काम करणार? जास्तीत जास्त किंमत किती? किती वर्षं टिकणार? वर्षाचा खर्च किमतीच्या किती टक्के? विक्रेता यायच्या आधी ही सहा उत्तरं लिहून ठेवा. तो आल्यावर लिहिलीत तर ती त्याची होतील. आपल्या उदाहरणात ६७ हजारांचे ५ टक्के म्हणजे ३,३५० रुपये. प्रत्यक्षात नूतनीकरण आणि देखभाल मिळून ११ हजार, म्हणजे १६ टक्क्यांच्या वर. चरखा संघाच्या कसोटीला आपलं यंत्र टिकत नाही. आजच्या काळात ५ टक्के कडक वाटतील, १० धरा. पण आकडा धरा.

सातवा प्रश्न त्या काळी नव्हता, तो मी जोडतो : माझा हिशेब कुणाच्या ताब्यात? वर्गणी भरली नाही तर माझ्याच गिऱ्हाइकांची यादी मला दिसायची बंद होणार का? सगळी माहिती साध्या एक्सेल तक्त्यात बाहेर काढता येते का, हे घेण्याआधी करून दाखवायला सांगा. येत नसेल तर वस्तू मोफत असली तरी घेऊ नका. वहीचा कागद विकणारा दुकानदार वर्षभराने येऊन वही परत मागत नाही.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न घेऊ.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : सर, माझ्याकडे आधीच घेतलेलं सॉफ्टवेअर आहे. वापरत नाही. पण एवढे पैसे गेले म्हणून दर वर्षी नूतनीकरण करतो. काय करावं?

उत्तर : गेलेले पैसे निर्णयातून बाहेर काढा. ते दोन्हीकडे सारखेच गेलेले आहेत, नूतनीकरण केलं तरी आणि नाही केलं तरी. प्रश्न एवढाच की पुढचे ६ हजार दिल्यावर पुढच्या वर्षात ६ हजारांच्या वर काम होणार का. मागच्या बारा महिन्यांत ते किती दिवस उघडलं, ते मोजा. उत्तर तिथेच मिळेल. बंद करण्याआधी आतली माहिती मात्र काढून घ्या, जुनी बिलं सहा वर्षं लागतात.

प्रश्न : सर, मी शिवणकाम करते. दोन साधी मशीनं आहेत. विजेवर चालणारं महागडं मशीन घेऊ का? कर्ज मिळतंय.

उत्तर : ताई, कर्ज मिळतंय हे घेण्याचं कारण होऊ शकत नाही. मुद्रा योजनेत शिशु कर्ज ५० हजारांपर्यंत मिळतं, ती सोय चांगली आहे, पण परत तुम्हालाच करायचं आहे. तुमचं काम नेमकं कुठे अडतं ते आठवडाभर लिहून ठेवा. शिलाईत अडतं, की काज-बटणात, की इस्त्रीत, की गिऱ्हाईक वेळेवर कपडे नेत नाही तिथे? शिलाईतच अडत असेल आणि त्यामुळे कामं परत जात असतील, तर परत गेलेल्या कामांची मजुरी महिन्याच्या हप्त्यापेक्षा जास्त आहे का ते बघा. असेल तर निर्धास्त घ्या. आणि साध्या मशीनला लागणारी मोटार आधी बसवून पाहा. तिचा खर्च बराच कमी असतो.

प्रश्न : उधारीची वही मोबाइलवर घेतली आहे. ॲप मोफत आहे. यात तोटा काय?

उत्तर : तोटा असेलच असं नाही. हरवत नाही, बेरीज चुकत नाही. दोन गोष्टी पाहा. एक, माहिती बाहेर काढता येते का, आणि महिन्यातून एकदा ती काढून ठेवता का. दुसरं, ते ॲप शेतकऱ्याला आपोआप वसुलीचे संदेश पाठवतं का. कापूस निघायच्या आधी सप्टेंबरमध्ये संदेश पाठवून पैसा येत नाही, संबंध मात्र बिघडतो. ते बटण बंद करा आणि तारीख तुम्ही ठरवा.

प्रश्न : कम्प्युटरवरचं विंडोज १० आता जुनं झालं, नवा घ्या म्हणतात. खरं आहे का?

उत्तर : अर्धं खरं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नियमित आधार संपला, म्हणजे सुरक्षेची नवी दुरुस्ती आपोआप येण्याची हमी राहिली नाही. कम्प्युटर त्या दिवशी बंद पडलेला नाही. आधी तुमच्या यंत्रावर पुढची आवृत्ती बसते का ते तपासून घ्या, बसत असेल तर ती मोफत मिळते. बसत नसेल आणि त्यावर फक्त बिलं टाइप होत असतील, तर नेट काढून वापरता येईल. पण त्याच्यावरून बँकेचे व्यवहार करत असाल तर टाळाटाळ करू नका. इथे न केलेला खर्च महागात पडेल.

प्रश्न : सर, तुमचं ऐकून असं वाटतं की जुनंच धरून बसावं. आम्ही तरुणांनी पुढे जायचं नाही का?

उत्तर : जावं, जरूर जावं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी तो घेईनात. तिथे न घेणारे चुकत होते. पण तो नांगर पुढे खपला, कारण शेतात चालवून पाहता आला आणि जमीन जास्त खोल नांगरली गेल्याचं डोळ्यांनी दिसलं. तुम्हीही तेच मागा. 'नवं आहे' हे घेण्याचं कारण नाही, तसंच 'नवं आहे' हे न घेण्याचंही कारण नाही. तुमच्या शेतात चालवून दाखवा, म्हणावं. आणि घेतलंत तर सहा महिन्यांनी पुन्हा हिशेब मांडा, जो विचार करून घेतलं होतं तो खरा ठरला का ते बघायला. तो कागद गल्ल्यात ठेवा. पुढच्या विक्रेत्याच्या वेळी कामाला येईल.